वर्कशॉप म्हणतंय ‘बॉक्स गेला’: ट्रकचा गिअर बॉक्स खोलू देण्याआधी काय काय करायचं

गाडी ओढून वर्कशॉपला लागते. फोरमन स्टिअरिंगवर बसून दोन-तीनदा गिअर टाकून बघतो, आणि थोड्या वेळाने काउंटरवरून निरोप येतो: "बॉक्स गेला, असेंब्ली टाकावी लागेल." असेंब्ली म्हणजे अख्खा बॉक्सच नवा, आणि त्याचा आकडा लाखांतला असतो. इकडे हप्ता चालू, भाडं बंद, ड्रायव्हर बसून. माणूस ‘करा, पण लवकर करा’ म्हणत सही ठोकतो.

‘बॉक्स गेला’ हे निदान नव्हे. बॉक्समधला नेमका कोणता भाग गेला, कशाने गेला आणि ते कोणत्या तपासणीवरून कळलं, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तरच त्याला निदान म्हणायचं. बॉक्सच्या नावावर खपणाऱ्या बऱ्याच तक्रारी क्लच, लिंकेज (लिव्हरपासून बॉक्सपर्यंतचे रॉड-केबल), हवा किंवा मागच्या हाउसिंगच्या (मागच्या एक्सलच्या खोक्याच्या) निघतात. मोठ्या वाहतूकदारांकडे स्वतःचा मेकॅनिक असतो, त्यांना कुणी सहसा गुंडाळत नाही. पहिलीच गाडी घेतलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. वर्णन साध्या मॅन्युअल बॉक्सचं आहे, एएमटीचं (स्वतःहून गिअर बदलणाऱ्या बॉक्सचं) वेगळं खाली दिलंय.

१. गाडी जागेवरून हलवण्याआधी

सगळ्यात महागडी चूक वर्कशॉपला पोचायच्या आधीच होते, ती म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे ओढ नेणारा दांडा, गॅरेजच्या भाषेत जॉइंट) न काढता गाडी ओढणं.

बॉक्सच्या तळाला तेल असतं आणि ले शाफ्टचे (बॉक्समधल्या खालच्या शाफ्टचे) गिअर त्यात फिरून ते वर उडवतात. ले शाफ्ट फिरतो इंजिनावर. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली की मागची चाकं जॉइंटमार्फत मेन शाफ्ट (वरचा, जॉइंटला जोडलेला) फिरवत राहतात, पण ले शाफ्ट जागचा हलत नाही. वरच्या बेअरिंगांना तेलाचा थेंब मिळत नाही. मांजरसुंब्याला बंद पडलेली गाडी न्यूट्रलमध्ये संभाजीनगरपर्यंत ओढत नेली, तर निघताना नुसती क्लचची तक्रार असलेली गाडी पोचेपर्यंत खरोखरच बॉक्स जाळून बसते. मग वर्कशॉपचं म्हणणं खरं ठरतं, आणि दोष कुणाचा हे कधीच सिद्ध होत नाही.

म्हणून ओढण्याआधी जॉइंट मागच्या हाउसिंगकडून सोडवा, शक्य असेल तर पूर्ण काढून गाडीतच ठेवा. तारेने बांधून लटकवलेला जॉइंट वाटेत सुटतो. बोल्ट पिशवीत घालून केबिनमध्ये टाका. जॉइंट सुटत नसेल तर मागचे दोन्ही एक्सल ओढून काढा आणि हबची तोंडं झाका. सोडवायच्या आधी चाकांमागे दगड किंवा ठोकळे लावायला विसरू नका, कारण जॉइंट सुटला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मोकळी होते. क्रेनवाला घाईत असतो, ‘हळू नेतो, काही होत नाही’ म्हणतो. ऐकू नका.

गाडी उभी आहे तोवर ड्रायव्हरला विचारून एवढं वहीत लिहून घ्या:

- मीटरवरचे किलोमीटर, गाडी भरलेली की रिकामी, चढ की सपाट
- कोणत्या गिअरमध्ये झालं, आधी आवाज आला की आधी गिअर निसटला
- त्या वेळी हवेचं गेज किती दाखवत होतं
- खाली तेल सांडलंय का, कुठून
- आदल्या आठ-दहा दिवसांत गिअर जड पडणं, खरखर, क्लचचा वास असं काही होतं का

आवाज येत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, आणि काढताना कोणता गिअर, क्लच दाबलेला की सोडलेला हे तोंडाने बोला. नुसता आवाज नंतर कुणालाच कळत नाही.

२. सोबत कोणते कागद ठेवायचे

आरसी, विमा पॉलिसी, वॉरंटी पुस्तिका, आजवरच्या सर्व्हिसची बिलं, गिअर ऑइल बाहेर बदललं असेल तर ग्रेड छापलेलं दुकानाचं बिल, आणि शेवटच्या काही फेऱ्यांच्या काटा पावत्या. काटा पावती लोक माल उतरला की फेकून देतात. जालन्याची सळई किंवा हंगामात उसाच्या खेपा करणाऱ्यांनी ती मुद्दाम जपावी. ‘ओव्हरलोडमुळे वॉरंटी नाही’ या उत्तराला तोच एक कागद चालतो.

३. जॉब कार्डवर निदान नको, लक्षण लिहा

सर्व्हिस ॲडव्हायझर सवयीने ‘गिअर बॉक्स रिपेअर’ असं लिहितो. तसं लिहू देऊ नका. तुमच्या शब्दांत लक्षण लिहायला लावा, उदाहरणार्थ: ‘भरलेली गाडी चढावर, चौथा गिअर ॲक्सिलरेटर सोडल्यावर निसटतो. बाकी गिअर ठीक. आवाज नाही.’ त्याखाली हेही लिहून घ्या: ‘लेखी मंजुरीशिवाय बॉक्स खाली काढू नये, खोलू नये. बदललेले सर्व जुने भाग मालकाला परत द्यावेत.’

याच वेळी गाडीखाली वाकून बॉक्सवरच्या पत्र्याच्या पट्टीचा फोटो काढा. त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर ठोकलेला असतो, चिखल असला तर कपड्याने पुसा. पुढे एक्स्चेंज बॉक्स (जुना देऊन त्याबदल्यात घेतलेला तयार बॉक्स), जुन्या बॉक्सची किंमत किंवा ‘हा तुमचाच बॉक्स का’ असा वाद निघाला तर हा फोटो लागतो. बॅटऱ्या, स्टेपनी, टायर, ताडपत्री, दोर, जॅक, डिझेल किती हे कार्डावर चढवा.

४. बॉक्सच्या बाहेरची कारणं आधी संपवा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. खालच्या तपासण्यांना हत्यारं फारशी लागत नाहीत, तासाभरात होतात आणि तुमच्यासमोर करून दाखवायला कुठल्याही प्रामाणिक फोरमनची हरकत नसते.

*गिअर पडत नाही किंवा खरखरतो.* इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनावर सगळे लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर संशय क्लचवर. खात्रीसाठी मोकळ्या जागेत, हँडब्रेक लावून, इंजिन आयडलवर ठेवून क्लच पूर्ण दाबा, सात-आठ सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. बहुतेक बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी रिंग) नसतो. एवढं थांबूनही तो कर्रर्र करत असेल, तर क्लच दाबूनही पूर्ण सुटत नाही. कारणं: क्लचच्या तेलात हवा शिरलेली, टाकीतलं तेल कमी, क्लच बूस्टर गळतोय, पेडलची सेटिंग बिघडलीय, प्रेशर प्लेटची बोटं झिजलीत, पायलट बेअरिंग धरलंय. एकाला पेडल दाबायला बसवा आणि स्वतः खाली बघा, बूस्टरचा रॉड किती सरकतो. पेडल तळाला टेकलं तरी रॉड जेमतेम हलत असेल तर उत्तर मिळालं. हा आजार अंगावर काढून तसंच रेटत राहिलं तर मात्र सिंक्रो खरंच जातात, म्हणून उशीर करू नका.

*गिअर निसटतो.* आत सिंक्रो हबचे दात गोलावले असतील किंवा फोर्क झिजला असेल, हे खरं. पण त्याआधी गिअरची केबल किंवा रॉड, त्यांचे बॉल जॉइंट, बुश आणि इंजिन-बॉक्सची माउंटिंग बघा. माउंटिंगचं रबर फाटलं की ओढ बसताना सगळा सांगाडा वळतो, लिव्हर आपोआप खेचला जातो आणि गिअर बाहेर येतो. लिव्हर बाजूला सोडवून बॉक्सवरच्या आर्मने हातानेच गिअर पूर्ण टाका. आर्म पुढे जाऊन ‘टक्’ करून बसतो, पण केबिनमधल्या लिव्हरने तिथपर्यंत पोचत नाही, असं दिसलं तर आतलं काही बिघडलेलं नाही, सेटिंग गेलीय.

*हाय-लो बदलत नाही.* नऊ स्पीडसारख्या रेंजवाल्या (तेच गिअर हाय आणि लो अशा दोन टप्प्यांत देणाऱ्या) बॉक्समध्ये हे काम हवेवर चालतं. गेजवर हवा पूर्ण भरू द्या (बहुतेक गाड्यांत ७ ते ८ बारच्या आसपास), इंजिन बंद करा आणि कान लावा. लिव्हरच्या नॉबमधून, नळीतून किंवा बॉक्सच्या मागच्या झाकणापाशी फुसफुस ऐकू येते. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. ओ-रिंगचा किट आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीचं काम.

*आवाज.* यात सगळ्यात जास्त फसवाफसवी होते, आणि थोड्या विचाराने सगळ्यात जास्त कळतंही याच लक्षणावरून.

न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असताना गुरगुर आहे आणि क्लच दाबला की थांबते: क्लच शाफ्टचं बेअरिंग किंवा ले शाफ्ट. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो: रिलीज बेअरिंग. आयडलवरची हलकी खडखड, जी जरा रेस दिली की जाते, ती काही गाड्यांना नवेपणापासून असते किंवा क्लच प्लेटच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्याने येते. तेवढ्यावरून बॉक्स खोलू नका.

चालत्या गाडीत एकाच गिअरला आवाज असेल तर त्याच गिअरची जोडी. सगळ्या गिअरांना आहे पण डायरेक्ट गिअरला जातो किंवा अगदी कमी होतो, तर ले शाफ्ट आणि त्याची बेअरिंगं. कारण डायरेक्टमध्ये इंजिनाची ओढ ले शाफ्टवरून न जाता सरळ मेन शाफ्टला मिळते. तुमच्या बॉक्सचा डायरेक्ट गिअर टॉपचा आहे की त्याच्या आधीचा, हे फोरमनला विचारा. याचं उत्तर त्याला पटकन देता आलं नाही, तर तो बॉक्स कुठे खोलवायचा याचा पुन्हा विचार करा.

आता रिकामी गाडी सपाट, मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगाला आणा आणि न्यूट्रल करून इंजिन आयडलवर सोडा. आवाज तसाच राहून वेगाबरोबर उतरत गेला, तर तो जॉइंटचा क्रॉस, मधलं हँगर बेअरिंग, क्राउन-पिनियन (मागच्या हाउसिंगमधली गिअरची जोडी) किंवा हबचा आहे. फार तर बॉक्सचं अगदी मागचं बेअरिंग. ॲक्सिलरेटर देताना एक सूर आणि सोडल्यावर वेगळा सूर असेल तर क्राउन-पिनियनवर बोट ठेवा. ही चाचणी घाटात किंवा उतारावर करायची नाही, तिथे न्यूट्रल म्हणजे जिवाशी खेळ.

५. तेल काढताना समोर उभे राहा

आधी पातळी. गाडी सपाटीवर, थंड. बाजूचा लेव्हल प्लग उघडला की तेल भोकाच्या काठाला लागलेलं असलं पाहिजे. बोट आत वाकवूनही तेल लागत नसेल तर ते कुठे गेलं हा पहिला प्रश्न. आपल्याकडे एक ठरलेलं कारण असतं: काळ्या रानातून ऊस काढताना ब्रीदरवर (बॉक्समधली हवा बाहेर सोडणाऱ्या भोकावर) चिखल बसतो आणि उन्हात सिमेंटसारखा वाळतो. बॉक्स तापला की आतली हवा कोंडते आणि ऑइल सीलमधून तेल बाहेर ढकलते. शंभर रुपयांचा ब्रीदर साफ न केल्याने बेअरिंग जळतं. वॉशिंगला प्रेशरचं पाणी थेट ब्रीदरवर मारलं की याच्या उलट होतं, पाणी आत जातं.

मग गाडी थोडी चालवून कोमट झालेलं तेल स्वच्छ, पांढरट ट्रेमध्ये सोडायला सांगा. ड्रेन प्लगच्या टोकाला चुंबक असतो. प्लग हातात घ्या, त्यावरचा लगदा अंगठ्याने चोळा. राखाडी, मलमासारखा, चोळल्यावर कणी लागत नाही, तर ती रोजची झीज आहे, घाबरू नका. चिमटीत टोचणारी कणी, पातळ खवले किंवा दाताचा तुकडा निघाला तर बॉक्स खोलणं भाग आहे, त्यावर वाद घालू नका. मग ट्रे उन्हात तिरका धरा. तेलात हळदीसारखी सोनेरी चमक तरंगत असेल तर पितळी सिंक्रो रिंगा झिजताहेत, आणि चुंबकाला ती चिकटत नाही, म्हणून नुसता प्लग बघून भागत नाही. दुधाळ तेल म्हणजे पाणी. काळं आणि जळका वास म्हणजे बॉक्स तापला.

अर्धा लिटर तेल स्वच्छ बाटलीत भरून, तारीख आणि गाडी नंबर लिहून, स्वतःकडे ठेवा. ट्रे आणि प्लगचे फोटो काढा.

कोणतं तेल होतं हेही बघा. बऱ्याच सिंक्रोवाल्या बॉक्सना जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) लागतं. हाउसिंगसाठी आणलेलं जीएल-५ त्यात ओतलं तर त्यातली रसायनं पितळी रिंगांना खातात आणि सिंक्रो धरेनासा होतो. नेमकी ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत असते, दुकानदाराच्या तोंडात नसते.

६. एएमटी असेल तर कोड कागदावर घ्या

‘स्कॅनरने गिअर बॉक्स फॉल्ट दाखवला’ याला अर्थ नाही. कोडचा नंबर, तो सध्या चालू आहे की जुना साठवलेला, आणि किती वेळा आला, याची प्रिंट किंवा स्क्रीनचा फोटो मागा. कोड सांगतो की अमुक सर्किटमध्ये किंवा अमुक हालचालीत गडबड आहे. कोणता भाग मोडला हे सांगत नाही. २४ व्होल्टच्या गाडीत एक बॅटरी मेली, अर्थची पट्टी गंजली, कनेक्टरमध्ये पाणी गेलं किंवा गोदामापाशी उभ्या गाडीची वायर उंदराने कुरतडली, तरी ॲक्च्युएटरचाच (लिव्हरऐवजी गिअर हलवणाऱ्या यंत्राचाच) कोड येतो. म्हणून क्रम असा: बॅटरीचा व्होल्टेज, अर्थ, कनेक्टर, वायरिंग, हवा, क्लचची झीज, कॅलिब्रेशन. ॲक्च्युएटर त्यानंतर. क्लच बदलल्यावर कॅलिब्रेशन न केल्याने गिअर न पडणाऱ्या गाड्याही असतात.

७. एस्टिमेट वाचायचं कसं

एका ओळीचं एस्टिमेट स्वीकारू नका. प्रत्येक भागाचा पार्ट नंबर, नग, दर, मजुरी वेगळी, जीएसटी वेगळा, असं मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. जुन्या यादीवरून २८ टक्के लावलेला दिसला तर तिथेच थांबवा.

मग विचारा: असेंब्ली का, ओव्हरहॉल (खोलून खराब भाग तेवढे बदलणं) का नाही? असेंब्ली रास्त ठरते ती बॉक्सच्या बाहेरच्या कवचाला तडा गेला असेल, बेअरिंगची बैठकच खाल्ली गेली असेल, किंवा ले शाफ्ट आणि मेन शाफ्ट दोन्ही जळले असतील तेव्हा. एका गिअरचा सिंक्रो आणि दोन बेअरिंगं यासाठी असेंब्ली म्हणजे दाढ दुखते म्हणून जबडा बदलणं. आमचा अंदाज असा: ओव्हरहॉलचा खर्च एक्स्चेंज बॉक्सच्या दोन तृतीयांशाच्या वर जायला लागला तर एक्स्चेंजचा विचार करा, वॉरंटीही मिळते. त्याखाली असेल तर ओव्हरहॉलच करा.

‘सुटे भाग मिळत नाहीत’ हे उत्तर फार चालतं. पार्ट नंबर लिहून घ्या आणि संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या ट्रक-स्पेअरच्या दोन-तीन दुकानांत फोन करा. अर्ध्या तासात खरं-खोटं कळतं. भाग बाहेरून आणलात तर बिल आणि छापील किमतीचं वेष्टन ठेवा. बेअरिंगमध्ये नकली माल खूप असतो, सुटं, वेष्टनाशिवाय मिळणारं बेअरिंग कितीही स्वस्त असो, नको.

काही खर्च टाळू नये, तोही सांगतो. बॉक्स खाली आलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्लच प्लेटची जाडी आणि इंजिनाचं मागचं ऑइल सील त्याच वेळी बघून घ्या. दात तुटलेला गिअर बदलताना त्याची जोडीही बदलायची. जुन्या दातावर नवा दात बसत नाही, काही महिन्यांत आवाज परत येतो.

‘खोलल्याशिवाय सांगता येणार नाही’ हे अर्धं खरं असतं. तेव्हा फक्त काढणे-खोलणे-तपासणे एवढ्याचंच वेगळं एस्टिमेट घ्या. त्यात लिहून घ्या की काम पुढे केलं नाही तर बॉक्स सुट्या अवस्थेत परत मिळेल, मजुरी एवढीच लागेल, आणि जागाभाडं लागणार की नाही. हे जागाभाडं नंतर काढलेलं हत्यार असतं.

८. खोलताना हजर राहा

तुम्ही नाही तर तुमच्या विश्वासातला एखादा वस्ताद. बघायचं ते एवढंच:

- सिंक्रो रिंग कोनवर दाबून धरल्यावर रिंग आणि गिअरमधली फट फीलर गेजने चारही बाजूंनी मोजली का. नुसतं बघून ‘गेलीय’ चालणार नाही. किमान फट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेली असते, ते पान उघडून दाखवायला सांगा.
- शाफ्टचा एंड प्ले (मागे-पुढे सरकण्याची मोकळीक) डायल गेजवर मोजला का
- बेअरिंग धुऊन, तेल लावून हाताने फिरवून बघितलं का. न धुतलेलं बेअरिंग कचऱ्यानेही खरखरतं.
- दातांवर खड्डे आहेत की नुसती चकाकी. चकाकी म्हणजे झीज नव्हे.

जो भाग बाद म्हणून बाजूला काढतील त्यावर तिथल्या तिथे सेंटर पंचने खूण करा आणि फोटो घ्या. दुसऱ्या गाडीचा तुटका गिअर दाखवून तुमचा म्हणण्याची सोय मग राहत नाही.

९. दुसरं मत: किती दिवस, किती खर्च

थांबायला परवडतं का, हे भावनेवर नाही, हिशेबावर ठरवा. समजा हप्ता ४८,००० म्हणजे दिवसाला १,६००, ड्रायव्हरचे सुमारे ६७०, विमा-कर वगैरे २५०. ढोबळ २,५०० रुपये रोज, बुडालेलं भाडं वेगळं. तीन दिवसांच्या दुसऱ्या मतापायी साडेसात हजार गेले आणि दीड लाखाचं काम पन्नास हजारांवर आलं, तर सौदा चांगला. एस्टिमेटच पंचवीस हजारांचं असेल तर करून मोकळे व्हा. मात्र गळीत हंगामात चांगल्या गॅरेजमध्ये जागा मिळायलाच दिवस जातात, तेही धरा.

दुसरं मत घेताना पहिल्या वर्कशॉपचं निदान सांगू नका, फक्त लक्षणं सांगा. वाद वाढणार अशी चिन्हं असतील तर आयआरडीएआयचा (विमा नियामकाचा) परवाना असलेल्या मोटार सर्व्हेअरकडून खासगी तपासणी अहवाल घ्या. गॅरेजवाल्याच्या तोंडी सल्ल्यापेक्षा त्याला वजन असतं.

वॉरंटीतली गाडी मात्र बाहेर खोलू नका. फक्त बाहेरून तपासणी, तेलाचा नमुना, व्हिडिओ इथवरच.

१०. वॉरंटी नाकारली किंवा बिल पटलं नाही तर

‘कंपनीने नाही म्हटलं’ असं तोंडी ऐकून परतू नका. क्लेमचा नंबर, पाठवल्याची तारीख आणि नकाराचं कारण लेखी मागा. बऱ्याचदा असं दिसतं की क्लेम पाठवलेलाच नसतो. मग कंपनीच्या विभागीय कार्यालयाला ईमेल, सोबत फोटो, सर्व्हिस बिलं, काटा पावत्या.

विम्याकडून फार आशा नको. नुसता यांत्रिक बिघाड आणि झीज साध्या पॉलिसीत बसत नाही. दगडावर आपटून बॉक्सचं कवच फुटलं असेल तर तो अपघात. तेव्हा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत नटाला हात लावू देऊ नका.

केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क दुरुस्ती करणाऱ्याला भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० ने दिलेला आहे. म्हणून गेटवर भांडून उपयोग नाही. वाद असला तरी बँकेतून पैसे भरा आणि बिलावर, शिवाय त्याच दिवशी ईमेलवर लिहा: ‘हरकत नोंदवून, हक्क राखून रक्कम भरली आहे.’ रोख देऊ नका.

पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथून न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, परभणीच्या माणसाला डीलरच्या गावी जावं लागत नाही. तुम्ही वर्कशॉपला मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत २ वर्षं, आणि ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही दाखल होते. दोषासाठी प्रयोगशाळेची तपासणी लागणार असेल तर आयोग ती करवून घेऊ शकतो, म्हणूनच पंच केलेले जुने भाग आणि तेलाची बाटली जपायची.

यात एक मोठी अडचण आहे. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्याबाहेर जाते. स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी गाडी आहे, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा. चार-पाच गाड्यांच्या मालकाला इथे आक्षेप येतोच, त्याने आधी वकिलाशी बोलून दिवाणी दाव्याचा विचार करावा. व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली नको.

११. गाडी ताब्यात घेताना

बिलातला प्रत्येक पार्ट नंबर एस्टिमेटशी जुळवा. जुने भाग मोजून घ्या. एक्स्चेंज बॉक्स असेल तर जुना जमा होतो, तेव्हा त्याची वजावट बिलात दिसली पाहिजे आणि नव्या बॉक्सच्या पट्टीचा फोटो घ्या. दुरुस्तीवर किती महिने किंवा किती किलोमीटरची हमी, हे बिलावरच लिहून घ्या.

लेव्हल प्लग स्वतः उघडून तेल बघा. बॉक्समध्ये तेल भरायला विसरून गाडी दिल्याचे प्रकार घडतात. जॉइंट बसवताना त्यावरच्या खुणा समोरासमोर आल्यात का तेही बघा, नाहीतर नवा थरथराट घेऊन घरी जाल.

चाचणी रिकाम्या गाडीवर पुरेशी नाही. शक्यतो भरलेल्या गाडीवर, फोरमनला शेजारी बसवून, चढ असलेला रस्ता घ्या. प्रत्येक गिअर चढता-उतरता टाका, प्रत्येकात एकदा ॲक्सिलरेटर झटकन सोडून बघा. निसटायचा असेल तर तेव्हाच निसटतो. परत आल्यावर बॉक्सला हात लावून बघा, चटका बसून हात मागे घ्यावा लागला आणि आवाजही असेल तर गाडी तिथेच ठेवा.

रात्री बॉक्सखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग दिसला तर कुठल्या सीलखाली आहे ते खडूने मार्क करून, फोटो काढून, माल भरायच्या आधीच वर्कशॉपला परत न्या.